माळ्यावरच्या ट्रंकेत आगगाडी निघाली, तर? जुन्या खेळण्यातल्या रेल्वे सेटची किंमत काढण्याची रीत

नारायण पेठेतला मामाचा वाडा पाडायला निघाला तेव्हा माळ्यावरून एक तांब्याचा बंब, चार पाट, शिवणयंत्राचं मोडकं पायडल आणि एक हिरवी पत्र्याची ट्रंक खाली आली. मामी म्हणाली, "त्यात तुझ्या मामाचं खूळ आहे. उद्या भंगारवाला येतोय, देऊन टाकू का?" मी म्हटलं, "मामी, थांब, आधी उघडून तर बघू." आत जुन्या 'केसरी'च्या अंकांत गुंडाळलेली हॉर्नबी डब्लोची गाडी होती. मामा साठच्या दशकात इंग्लंडला शिकायला गेला होता. येताना त्यानं मामीसाठी एक स्वेटर आणला आणि स्वतःसाठी ही गाडी. स्वेटर केव्हाच विरला. गाडी मात्र तशीच होती, निदान माझा हात लागेपर्यंत.

त्या ट्रंकेची किंमत काढायला मला आठ महिने लागले आणि त्यातले बरेचसे मी स्वतःच्याच चुका निस्तरत घालवले. त्यानंतर ओळखीपाळखीतले पंधरा-वीस सेट हाताखालून गेले. पुण्यात असे सेट निघतात, कारण इथे लष्करातली घरं आहेत, कॅम्पातली जुनी पारशी कुटुंबं आहेत आणि जर्मनीला प्रशिक्षणाला जाऊन आलेले इंजिनिअर तर गल्लोगल्ली. त्यामुळे ब्रिटिश हॉर्नबी आणि ट्राय-अँग, जर्मन मार्क्लिन, क्वचित अमेरिकन लायोनेल, असं काहीही समोर येऊ शकतं. वाडे पाडायचे दिवस आहेत, तुमच्याकडेही एखादी ट्रंक निघेल. तेव्हा काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, ते क्रमानं सांगतो.

जवळ काय काय ठेवायचं

व्हर्नियर कॅलिपर (नसेल तर मिलिमीटरची खूण स्पष्ट असलेली पट्टी चालेल, पण पुण्यात शेजारच्या घरी तरी व्हर्नियर असतोच), भिंग, छोटं लोहचुंबक, मल्टीमीटर, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक पांढरी चादर आणि एक वही.

कागदांत शोधायचं ते हे: मूळ बिल, दुकानाची चिठ्ठी, हमीपत्र, तेल कुठे घालायचं ते सांगणारी पत्रिका, कॅटलॉग, कस्टमची पावती, आणि गाडी खेळतानाचा घरातला एखादा जुना फोटो. फोटोला कुणी कागदपत्र म्हणणार नाही, पण गाडी साठ वर्षं एकाच घरात होती हे दाखवणारी त्याच्याइतकी चोख गोष्ट दुसरी नाही.

१. पहिले दोन दिवस काहीही करू नका

पुसू नका, तेल घालू नका, किल्ली फिरवू नका, प्लग लावू नका.

माझं काय झालं ते सांगतो. सेटमध्ये एक छोटं काळं टँक इंजिन होतं, म्हणजे मागे वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) नसलेलं. त्याच्या अंगावर धुळीचा आणि जुन्या तेलाचा चिकट थर होता. मी थिनरमध्ये कापूस बुडवला आणि हलक्या हातानं, अगदी बाळाचं तोंड पुसावं तसं, पुसलं. काळं निघालं म्हणून खूश झालो. कापूस उलटा केला तर त्यावर इंजिनाचा नंबर होता. पांढुरके आकडे, उलटे, अगदी वाचता येतील असे. या गाड्यांवरचे नंबर आणि बोधचिन्हं पातळ चित्रपट्टीनं चिकटवलेली असतात. ती रंगाच्या आधी सुटतात. तसाच नंबर आज नवा मिळतो, लावताही येतो, पण मग ते इंजिन 'दुरुस्त केलेलं' होतं आणि दर उतरतो.

धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका, तेवढं पुरे. पितळेची पॉलिश, घासणी, चिंच यांतलं काहीही जवळ आणू नका. घरात कुणी उत्साही असेल तर ट्रंकेला कुलूप लावा.

२. चादरीवर मांडा आणि मोजदाद करा

पांढरी चादर अशासाठी की सांडलेला स्क्रू, तुटलेला बफर (टोकाशी धक्का झेलणारी गोल चकती), डबे जोडायचा हूक दिसतो. आधी प्रत्येक वस्तूचे सहा बाजूंनी फोटो काढा: चार बाजू, माथा आणि पोट. पोट महत्त्वाचं. मग वहीत यादी करा. इंजिन, टेंडर, प्रवासी डबे, मालगाडीच्या वाघिणी, सरळ रूळ, वळणाचे रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), सिग्नल, स्टेशन, ट्रान्सफॉर्मर, किल्ली.

ट्रंकेचा तळ झाडूनच रिकामा करा. मामाच्या ट्रंकेत तळाला काडेपेटी होती, आणि त्यात इंजिनाच्या पुढच्या दोन बफरांपैकी एक. मामानं तुटल्यावर जपून ठेवला होता.

३. गेज मोजा

दोन बाहेरच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. रूळ नसतील तर चाकांवरून अंदाज येतो. ३२ मिमी आलं तर ओ गेज, २२.५ आलं तर एस, १६.५ आलं तर ओओ किंवा एचओ, १२ आलं तर टीटी, ९ आलं तर एन. ४५ मिमी भरलं तर ते 'एक नंबर' गेज.

१६.५ वर लोक हमखास फसतात. ओओ आणि एचओ यांचे रूळ सारखेच, पण गाडीचं अंग वेगळं. ब्रिटिश ओओ १:७६ प्रमाणात, तर बाकी जगाचं एचओ १:८७. म्हणजे ब्रिटिश गाडी त्याच रुळांवर थोडी थोराड दिसते. दोन्हींचे डबे एकाच खोक्यात भरलेले असतील तर तो मूळ सेट नव्हे, कुणीतरी जमवाजमव केलेली आहे.

नजर बसवायची असेल तर कोथरूडचं जोशींचं रेल्वे म्युझियम गाठा. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं ते लहानसं गाव एचओमध्ये आहे. तासभर नीट बघितलंत की १:८७ डोळ्यांत बसतं आणि पुढे मोजायचीसुद्धा गरज पडत नाही. तिथे कुणाला किंमत विचारत बसू नका, बघायलाच जा.

आणि हो, कुणाला फोनवर विचारताना "पेशवे पार्कातल्या फुलराणीसारखी आहे" असं सांगू नका. मला असे फोन येतात. प्रेम समजतं, गेज समजत नाही.

४. पोट वाचा

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो आणि तुम्हीही घालवा.

इंजिन मऊ कापडावर उलटं ठेवा, भिंग घ्या, तिरका उजेड पाडा. कंपनीचं नाव, देश, कधी कधी नंबर उठावात सापडतो.

"हॉर्नबी आहे, म्हणजे लाखाची असणार," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. हॉर्नबी हे नाव १९२० पासून खेळण्यातल्या गाड्यांवर आहे आणि आजही आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. फ्रँक हॉर्नबीची मेकॅनो कंपनी लिव्हरपूलची. १९२० पासून तिथे पत्र्याच्या ओ गेज गाड्या निघाल्या, सुरुवातीला किल्लीच्या. १९३८ मध्ये लहान ओओ गेजमधली 'डब्लो' आली, तीन रुळांची, म्हणजे मधला रूळ विजेचा. १९५९ मध्ये डब्लो दोन रुळांवर आली. १९६४ मध्ये मेकॅनो ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सनं घेतली, पुढच्या वर्षापासून खोक्यांवर 'ट्राय-अँग हॉर्नबी' दिसू लागलं. १९७२ पासून 'हॉर्नबी रेल्वेज'. म्हणून पोटावर 'मेकॅनो लिमिटेड' असेल तर एक काळ, 'ट्राय-अँग हॉर्नबी' असेल तर दुसरा, 'हॉर्नबी रेल्वेज, मेड इन ग्रेट ब्रिटन' असेल तर तिसरा. 'मेड इन चायना' असेल तर गाडी चांगली चालत असेल, नातवाला द्या, पण जुनी म्हणून किंमत लावू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले सेट भरमसाट निघाले, आणि परदेशात आजही घरोघरी आहेत. आपल्याकडे एखादाच दिसतो म्हणून तो दुर्मीळ वाटतो, एवढंच.

जर्मन गाड्यांवर देशाचं नाव कसं लिहिलंय ते बघा. 'यू.एस. झोन जर्मनी' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षं, 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर त्यानंतरची. पत्र्यावर 'जीबीएन' किंवा 'बीडब्ल्यू' अशी अक्षरं दिसली तर ती न्यूरेंबर्गच्या बिंगची. 'बीडब्ल्यू' पहिल्या महायुद्धानंतरचं, 'जीबीएन' त्याआधीचं. ही कंपनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली, त्यामुळे तारखेचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर गाडी १९५२ नंतरची नाही.

रंगावरून साल काढताना जपून. ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचं १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा टेंडरवर 'एलएमएस' किंवा 'एलएनईआर' अशी जुन्या कंपनीची अक्षरं दिसली की माणूस म्हणतो, ही १९४८ च्या आधीची. डब्लोवर मात्र ही जुनी अक्षरं १९५३ पर्यंत चालू होती. खेळणी बनवणाऱ्याला साचे आणि रंग संपवायचे असतात, संसदेच्या कायद्याशी त्याला काय देणंघेणं.

मार्क्लिनच्या हिरव्या 'क्रोकोडाइल'बद्दल दोन शब्द, कारण पुणेकराला ती लगेच ओळखीची वाटते. स्वित्झर्लंडच्या घाटांतलं लांब नाकाडाचं, मधून वळणारं विजेचं इंजिन. त्याचंच भावंड आपल्या बोरघाटात मुंबई-पुणे मार्गावर धावलं, आपण त्याला 'खेकडा' म्हणायचो. मार्क्लिननं ते एचओमध्ये काढलं तेव्हा त्याचा नंबर सीसीएस ८०० होता, पुढे नंबरांची पद्धत बदलली आणि ते ३०१५ झालं. पोटावर किंवा खोक्यावर सीसीएस ८०० दिसलं तर पुढचं सगळं सावकाश करा. पण लक्षात ठेवा, क्रोकोडाइल कंपनीनं पुढे पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या रूपांत काढली आहे. आकार तोच असला तरी पिढी वेगळी असते.

दुर्मीळपणाचं गणितही उलटं असतं. लायोनेलनं १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असलेला सेट काढला. मुलींना खरी दिसणारी गाडी हवी होती, सेट खपला नाही. आज संग्राहक त्याच्या मागे असतात आणि म्हणूनच साध्या इंजिनाला गुलाबी रंग फासून विकणारेही आहेत. जे तेव्हा सगळ्यांनी घेतलं ते आज सगळ्यांकडे आहे. जे दुकानात पडून राहिलं त्याला आज भाव.

५. तब्येत तपासा

रंग मूळ आहे का, हे आधी. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असेल, कडांवर रंगाचा ओघळ असेल किंवा रंगाखाली गंजाचे खड्डे जाणवत असतील तर नंतर रंगवलेलं आहे. पत्र्याच्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा आधी सपाट पत्र्यावर छपाई, मग घडी, अशी पद्धत असते. भिंगातून छपाईचे ठिपके दिसतात आणि घडीवर चित्र किंचित ताणलेलं दिसतं. हे हातानं रंगवून साधत नाही. रंगवलेली गाडी चकचकीत दिसते आणि मालकाला तिचा अभिमान असतो. ते जपून सांगावं लागतं.

लोहचुंबक लावा. चिकटलं तर पत्रा किंवा पोलाद. चिकटलं नाही आणि वजन चांगलं लागतंय तर बहुधा जस्ताचं ओतीव काम. आणि जस्ताचं ओतीव काम म्हटलं की एक रोग तपासावाच लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या ओतीव भागांत जस्ताच्या मिश्रणात शिसं वगैरे भेसळ राहून जायची. मग वर्षानुवर्षं तो भाग आतून फुगत जातो. आधी केसासारख्या बारीक भेगा पडतात, मग चाक धुरीवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) घट्ट बसतं, अंगाला बाक येतो, आणि शेवटी बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. गंजासारखं लाल काही दिसत नाही, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. दमट हवेत हे लवकर वाढतं, आणि आपले चार महिने पावसाचे. यावर औषध नाही. चाकांच्या कडा आणि इंजिनाची चौकट भिंगातून पाहा, दाबून बघू नका. कॅम्पातल्या एका घरी मी असं इंजिन बघायला गेलो. आजोबांनी ते उचलून माझ्या हातात दिलं आणि पुढचं चाक त्यांच्याच तळहातावर राहिलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. चाकं नवी मिळतात, चौकट गेली तर गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाची.

प्लॅस्टिकच्या गाड्यांत सुरुवातीच्या ट्राय-अँगचे डबे बघा. ते ज्या प्लॅस्टिकचे आहेत ते वयानुसार वाकतं, छपराला पोक येतं. तव्यावर गरम करून सरळ करायचा उद्योग करू नका.

पुण्याची खास व्याधी म्हणजे डांबरगोळ्या. कसर लागू नये म्हणून मामीनं ट्रंकेत मूठभर टाकल्या होत्या. त्यातली एक एका डब्याच्या छपरावर विरघळून बसली होती आणि तिच्याखाली प्लॅस्टिक मऊ होऊन खळगा पडला होता. कपड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळी ठीक, गाडीच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

शेवटी तब्येतीला दर्जा द्या. लायोनेलवाले अमेरिकन संग्राहक एक ते दहा असे गुण देतात, आपण वहीत साधं लिहू: नव्यासारखी, उत्तम, वापरलेली, थकलेली, फक्त भागांसाठी. स्वतःच्या घरातल्या गाडीला एक पायरी खालीच लिहा. ती तुम्हाला नेहमी एक पायरी वर दिसते.

६. चालते का ते बघा, पण विजेशी खेळू नका

किल्लीची गाडी असेल तर दोनच वेढे द्या आणि चाकं हवेत ठेवून सोडा. सुरळीत फिरली तर झालं. किल्ली फिरते आणि काहीच ताण लागत नाही, म्हणजे स्प्रिंग तुटलेली. वाळलेल्या तेलावर पूर्ण किल्ली भरून सोडणं म्हणजे आतल्या चक्रांचे दात तोडणं.

विजेच्या गाडीला धोका ट्रान्सफॉर्मरपासून असतो. त्याच्यावर किती व्होल्टचा आहे ते वाचा. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११५ किंवा १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. माझ्या एका स्नेह्यांनी, ते स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर पिन बदलून सरळ लावला. धूर हॉलमधून स्वयंपाकघरात पोचायच्या आत वहिनींनी मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. ब्रिटिश ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर चालतो, पण साठ वर्षांपूर्वीच्या वायरीचं रबर हाताला चुरा होऊन लागतं. असा ट्रान्सफॉर्मर लावूच नका, विकताना 'तपासलेला नाही' असं लिहा. आणि शंभर वर्षांपूर्वीच्या काही जर्मन गाड्यांत तर घरातली वीज दिव्यातून थेट रुळांत सोडायची पद्धत होती. असलं काही निघालं तर ते कपाटात ठेवायची वस्तू आहे.

गाडी दोन रुळांची की तीन रुळांची, हे मल्टीमीटर सांगतो. एकाच धुरीवरच्या दोन चाकांना टोकं लावा. वीज एका चाकातून दुसऱ्यात जात असेल तर गाडी तीन रुळांची, जात नसेल तर दोन रुळांची. मार्क्लिन एचओच्या पोटाखाली चमच्यासारखी लांब पट्टी असते, ती मधल्या रुळाची किंवा मधल्या टिकल्यांची वीज घेते, ती दिसली की मोजायचंही काम नाही.

दोन रुळांची डब्लो किंवा ट्राय-अँग १२ व्होल्ट डीसीवर चालते. बुधवार पेठेतून किंवा तपकीर गल्लीतून व्होल्ट कमी-जास्त करता येणारा डीसी अॅडॅप्टर आणा, सहा व्होल्टपासून सुरू करा, दोन्ही तारा दोन बाजूंच्या चाकांना टेकवा. मोटर हलली, कुरकुरली तरी पुरे. डीसी मोटरला एसी कधी देऊ नका, गुणगुणत जळते. मार्क्लिन आणि लायोनेल एसीच्या, त्या जाणकाराकडे न्या.

न चालणाऱ्या गाडीनं घाबरू नका. वाळलेलं तेल, झिजलेले कार्बन ब्रश, अशक्त झालेलं लोहचुंबक, हे सगळं सुधारतं. गेलेला रंग मात्र परत येत नाही. म्हणून बंद पडलेलं पण मूळ रंगाचं इंजिन मी चालू पण रंगवलेल्या इंजिनापेक्षा वर धरतो.

७. खोका

खोका फेकला असेल तर बसा आणि दोन मिनिटं दुःख करा, कारण किमतीचा मोठा हिस्सा कधी कधी त्या पुठ्ठ्यात असतो. खोका असेल तर त्यावरचा नंबर आतल्या वस्तूशी जुळतो का बघा. नवे छापलेले नकली खोके सर्रास मिळतात. त्यांचा पुठ्ठा आतून पांढराशुभ्र असतो, घड्या करकरीत असतात आणि जुन्या कागदाचा वास येत नाही. फाटलेला खोका सेलोटेपनं चिकटवू नका. टेप पिवळी पडते आणि निघताना छपाई घेऊन निघते.

८. आता किंमत

लोक ईबेवर बघतात, तिथे कुणीतरी तीनशे पौंड मागितलेले असतात, आणि ते आकडा मनात धरून बसतात. मागितलेली किंमत म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. 'विकल्या गेलेल्या' वस्तूंची चाळणी लावा आणि फक्त त्याच बघा. ब्रिटनमधल्या व्हेक्टिससारख्या खेळण्यांचा लिलाव करणाऱ्या घरांचे झालेले सौदेही बघता येतात.

समजा, तुमच्यासारख्याच इंजिनाचे चार सौदे सापडले: ६०, ६८, ७२ आणि १४० पौंड. १४० वालं उघडून बघा, खोका आणि कागद असणार. तुमच्याकडे खोका नाही, तर तो आकडा सोडा. उरलेल्यांचा मधला आकडा ६८. तुमच्या इंजिनाचा एक बफर नाही आणि मोटर बंद आहे. भाग आणि दुरुस्तीचे समजा १५ वजा करा, उरले ५३. त्या दिवसाच्या दरानं रुपये करा. ही परदेशातल्या ग्राहकाच्या दारातली किंमत झाली. तो तुमच्याकडून घेईल तर टपालखर्च आणि त्याच्याकडचा आयातकर त्याच्या डोक्यात असणारच. पुण्यात विकताना ग्राहक थोडे असतात, तेव्हा मी त्या आकड्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करतो आणि दोन-तृतीयांशावर मिळाले तर खूश होतो. दुकानदार घेत असेल तर त्याहून कमी देणार, कारण त्याला ती वर्षभर काचेत ठेवायची आहे. त्याला चोर म्हणू नका.

साध्या रुळांना फारसं कुणी विचारत नाही. सांधे, सिग्नल, स्टेशन यांना थोडंफार मिळतं. खोक्यासकट अख्खा सेट असेल तर फोडू नका. सुटं सुटं असेल तर इंजिन वेगळं आणि डबे वेगळे विकल्यानं जास्त मिळू शकतात.

९. पुण्यात कुठे विचारायचं, कुठे विकायचं

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे अख्खा चांगला सेट मिळायची आशा धरू नका, पण चाकं, एखादी वाघीण, किल्ली असे भाग मिळतात. सकाळी लवकर जा आणि हातात गाडी धरून "किती जुनी असेल हो?" असं विचारू नका. तुमच्या चेहऱ्यावरून दर ठरतो. मी तिथे एकदा खोक्यातला 'पूर्ण सेट' म्हणून जो घेतला त्यात इंजिन एका कंपनीचं, टेंडर दुसऱ्याचं आणि डबे एचओचे निघाले. घरी येऊन चादरीवर मांडल्यावर कळलं. चादर घेऊन जायला हवी होती.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटला, पत्र्याची जुनी खेळणी दिसतात. तिथे विकायच्या आधी सहा-सात दुकानांत फक्त भाव ऐकून या.

कुठेही विकताना दोष आधी सांगा, फोटोत दाखवा. लहान मुलासाठी कुणी मागत असेल तर त्यांना स्पष्ट बजावा की जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे तोंडात घालायचं खेळणं नव्हे.

गाडी शंभर वर्षांपुढची असावी अशी शंका असेल तर परदेशी पाठवण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. कागद हातात आल्यावरच पार्सल बांधा.

१०. पार्सल

प्रत्येक डबा आधी साध्या मऊ कागदात, मग फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये. प्लॅस्टिकचे फुगे थेट रंगाला लागले तर उन्हाळ्यात त्यांचे गोल ठसे उमटतात. चाकांवर भार येऊ नये म्हणून इंजिन कुशीवर नव्हे, पोटाखाली फोमची गादी देऊन ठेवा. खोक्यात खोका, मध्ये चार बोटं भरणी. हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा उघडा.

ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पार्सलनं. वजनकाटा त्यासाठीच आणायला सांगितला होता. माझा अडीच किलोचा ट्रान्सफॉर्मर अहमदाबादला पोचेपर्यंत शेजारचे दोन डबे चेपून मोकळा झाला होता, आणि त्या माणसाला मी अर्धे पैसे परत केले. आता दोन पार्सलांचा खर्च किती येईल ते मी सौदा ठरण्याआधीच सांगतो.